इंजिनाचा दसरा

मिनेसोटातल्या आमच्या घरी दसऱ्याला एका बोटीच्या इंजिनाची पूजा होत असे. पूजा झाली की त्याच इंजिनाच्या पोटात न गोठणारं हिरवं अँटीफ्रीझ ओतायचं आणि त्याला मे महिन्यापर्यंत झोपवायचं. हे सांगितलं की लोक हसतात. आम्हीही हसायचो. १९८५ सालचा दसरा सोडला तर त्यात रडण्यासारखं काही नव्हतं.

बोट आमच्या यांनी १९८० च्या उन्हाळ्यात आणली, मला न विचारता. मी नोकरीवरून घरी आले तर ईडन प्रेरीच्या आमच्या ड्राइव्हवेत ती ट्रेलरवर उभी. जुनी, वापरलेली, लाल रंगाची जेट बोट. हिला बाहेर पंखा नसतो. खालून तळ्याचं पाणी ओढायचं आणि मागे जोरात फेकायचं, की बोट पुढे पळते. मागच्या बाजूला मोटारीचं आठ सिलिंडरचं इंजिन उघडंच बसवलेलं. ते सुरू झालं की तळ्यावरची बदकं उठून पलीकडच्या तळ्यावर जात. महाराष्ट्र मंडळातल्या बायका मला विचारायच्या, "काय गं, तुमचा पांढरा हत्ती काय म्हणतोय?" हौसेला मोल नसतं असं म्हणतात, पण ते म्हणणाऱ्यांनी पेट्रोल पिणारी हौस पाहिलेली नसावी. त्या उन्हाळ्यात मी तिच्यात पाय ठेवला नाही. यांनी आणि मुलीने खुशाल मजा केली. मुलगी तेव्हा तेरा वर्षांची होती.

सप्टेंबरात यांनी मला समजावून सांगितलं की या इंजिनाला गार ठेवायला रेडिएटर नसतो. तळ्याचंच पाणी त्याच्या आतून फिरतं आणि बोट बाहेर काढली तरी त्यातलं बरंचसं आतच राहतं. थंडीत त्याचा बर्फ झाला की तो फुगतो आणि जाडजूड लोखंड फोडून टाकतो. म्हणून इंजिन गरम करायचं, खालची पितळी बुचं काढून पाणी सोडायचं, आणि रिकाम्या पोटात अँटीफ्रीझ भरून ठेवायचं.

ते ऐकताना मला माहेर आठवलं. सातारा भागातल्या एका गावात माझ्या वडिलांची पिठाची गिरणी होती, डिझेल इंजिनावर चालणारी. खंडेनवमीला वडील ते इंजिन धुऊनपुसून लखलखीत करायचे, हळदकुंकू वाहायचे, झेंडूची माळ घालायचे. त्या दिवशी गावात कुणाला पीठ मिळत नसे आणि कुणी तक्रारही करत नसे. अमेरिकेत येऊन मला चौदा वर्षं झाली होती. खंडेनवमी मी विसरूनच गेले होते.

मी म्हटलं, "मग हे काम दसऱ्याला करा. नवमी आणि दशमी एकदमच उरकू. मी पूजा करते, तुम्ही पाणी सोडा."

हे देवधर्म मानणाऱ्यातले नव्हते. मला वाटलं, उडवून लावतील. पण म्हणाले, "चालेल. नाहीतरी तू बोटीजवळ यावीस म्हणून काहीतरी निमित्त हवंच होतं मला."

असा तो नियम पडला. दसरा कुठल्याही वारी येवो, हे सुट्टी टाकायचे आणि मी हॉस्पिटलच्या लॅबमधून अर्धा दिवस लवकर निघायची. अंगणात झेंडू मी लावलेलेच असत. इंजिनावर हळदकुंकू, माळ, समोर नारळ. मग हे बागेचा पाइप जोडून इंजिन सुरू करायचे. आधी इंजिन, मग पाणी; बंद करताना आधी पाणी, मग इंजिन. हे ते दर वर्षी मला बजावायचे. जसं काही मीच ते चालवणार होते. इंजिन तापलं की बंद करून खालची बुचं काढायची. तळ्यातली वाळू भोकाशी साचून बसते, म्हणून आत तार घालून ढवळायचं. पाणी गेलं की बुचं लावायची, वरचा रबरी पाइप सोडवून त्यात नरसाळं बसवायचं, एकाने ते खांद्याच्या वर धरायचं आणि दुसऱ्याने अँटीफ्रीझचा डबा ओतायचा. एकट्याचं कामच नव्हे ते. नरसाळं माझ्याकडे असायचं.

"हात वर! अजून वर!"

"अहो, हात आहे की झेंड्याचा खांब?"

"सांडलं तर शेजारच्याचा कुत्रा चाटेल. गोड असतं हे, आणि विषारी."

शेवटी एक्झॉस्टमधून हिरवी धार येऊ लागली की काम झालं. मग आम्ही एकमेकांना सोनं द्यायचो. आपटा मिनेसोटात कुठला? मेपलची पिवळी पानं द्यायचो. बोटीविषयी माझ्या मनात जी काही माया आली ती त्या अर्ध्या दिवसातून. पुढच्या उन्हाळ्यापासून मीही बसायला लागले, डोळे मिटून का होईना.

१९८५ च्या जूनमध्ये हे गेले. सकाळी ऑफिसच्या पार्किंग लॉटमध्ये, गाडीचं दार उघडं, एक पाय बाहेर. डॉक्टर म्हणाले हृदय. वय सत्तेचाळीस. त्याआधी कधी डोकं दुखतं म्हणून झोपलेलंही मी त्यांना पाहिलं नव्हतं. मी स्वतः हॉस्पिटलात काम करणारी, रोज दुसऱ्यांचं रक्त तपासणारी, आणि माझ्याच घरात मला काही दिसलं नाही, हे मला कुठे ठेवावं ते कळत नव्हतं.

सगळे भेटून गेले, फ्रिजमधले लोकांनी आणलेले डबे संपले, आणि ड्राइव्हवेत ताडपत्रीखाली बोट उरली. समोरच्या घरात एक म्हातारबुवा राहायचे. बायको गेलेली, सोबत एक कुत्रा, आयुष्य मशीन शॉपमध्ये काढलेलं. यांचं त्यांच्याशी इंजिनामुळे मैत्र होतं. ऑगस्टमध्ये ते म्हणाले की बोट विकायची असेल तर गिऱ्हाईक आहे. मी नाही म्हटलं. यांचे कपडे मी देऊन टाकले होते, पुस्तकं दिली होती. पण किल्ली फिरवली की यांनी जसं लावून ठेवलं होतं तसंच बोलू लागेल असं घरात ते इंजिन सोडून दुसरं काही नव्हतं. मी मनाशी ठरवलं की पुढच्या मे महिन्यात हे इंजिन सुरू होणार आणि मुलगी बोट पाण्यात घालणार. बाकी कशाचंच मी तेव्हा काही ठरवू शकत नव्हते. एवढंच ठरवलं होतं.

सप्टेंबरात मुलगी मिनिआपोलिसला युनिव्हर्सिटीत गेली. अर्ध्या तासाचं अंतर, पण डॉर्ममध्ये राहायला लागली. जाताना ताडपत्रीवर हात ठेवून उभी राहिली. तिच्या बाबांचं नाव निघालं की ती खोलीतून उठून जायची. मला वाटायचं, अमेरिकेत वाढलेली मुलं दुःख असंच करतात, आपल्याला काय कळणार.

त्या वर्षी अधिक श्रावण होता. आमच्यासाठी दुष्काळात तेरावा महिनाच. सगळे सण महिनाभर पुढे सरकले आणि दसरा थेट ऑक्टोबरच्या शेवटच्या दहा दिवसांत गेला. मंडळातल्या एक मावशी फोनवर म्हणाल्या, "अगं, वर्षाच्या आत सण करत नाहीत." मी म्हटलं, "मावशी, सण मी करत नाहीये. इंजिनाला सुतक नसतं." तेव्हा मी सगळ्यांना गप्प करत सुटले होते.

दसऱ्याच्या आठ-दहा दिवस आधी एका संध्याकाळी मुलीचा फोन आला.

"आई, बोट ड्रेन केलीस?"

"दसऱ्याला करणार."

"आई, आज रात्री हार्ड फ्रीझ आहे, सगळं गोठणार. टीव्हीवर बघ. जस्ट पुल द प्लग्ज. मी फोनवर सांगते कसं ते."

"मला माहीत आहे कसं ते. पाच वर्षं नरसाळं कुणी धरलं?"

"मग कर ना! पूजा नंतर कर, यार. प्लीज."

"यार कुणाला म्हणतेस? आणि ऐक. ब्याऐंशी साली अधिक आश्विन होता. दसरा याहून उशिरा आला होता. तुझ्या बाबांनी दसऱ्यालाच पाणी सोडलं, मी शेजारी उभी होते. काय झालं इंजिनाला? काही झालं नाही."

पलीकडे एकदम शांतता. मला वाटलं, मी जिंकले.

"आई..."

"काय?"

"नथिंग."

"तुझे बाबा असते तर त्यांनी मला असं घाईला आणलं नसतं," मी म्हटलं.

"ओके, आई," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

खरं सांगायचं तर नियम हे अर्धंच कारण होतं. इंजिनात जे पाणी होतं ते जूनमधलं होतं, यांनी बोट शेवटची चालवली तेव्हाचं. ते गटारात सोडून द्यायचं माझ्याने होत नव्हतं. दसऱ्याला सोडीन, रीतीने सोडीन, असं म्हणत मी दिवस ढकलत होते. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तशी मी आधीपासूनचीच हट्टी. दुःखात माणूस मवाळ होतो म्हणतात. मी नाही झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणातले झेंडू काळे पडले होते. पानं हात लावताच लिबलिबीत. मी ते पाहिलं, माळेला फुलं आता दुकानातून आणावी लागणार असं मनात म्हटलं, आणि कामाला गेले.

दसऱ्याला मी अर्धी सुट्टी घेतली. ताडपत्री काढली. कुंकवाचा करंडा कपाटात मागे सारलेला होता. जूनपासून तो मी उघडला नव्हता. आमच्या पिढीच्या बायकांना ते सांगावं लागत नाही, हात आपोआप मागे येतो. करंडा घेऊन मी ड्राइव्हवेत उभी राहिले. स्वतःच्या कपाळाला लावायचं नाही ते लोखंडाला लावताना मला इतका राग आला की कुणावर काढावा कळेना. तरी लावलं. नारळ ठेवला. बॅटरी आदल्या दिवशी चार्ज करून ठेवली होती. पाइप जोडला, बोटीत चढले, किल्ली फिरवली.

तिसऱ्या वेळेला ते लागलं. तोच आवाज. अख्खी गल्ली दणाणली. मी मोठ्याने हसले, चार महिन्यांत पहिल्यांदा. आधी इंजिन, मग पाणी, असं म्हणत खाली उतरून नळ सोडला. पुन्हा वर चढून बघते तर पाणी एक्झॉस्टमधून येण्याआधी भलतीकडूनच यायला लागलं होतं. इंजिनाच्या डाव्या अंगाला खालून वर गेलेली एक बारीक रेघ होती आणि त्या रेघेच्या पूर्ण लांबीतून पाणी पाझरत होतं. मला वाटलं, पाइप नीट बसला नसेल. मी पाइप दाबून पाहिला. मग फडक्याने ती रेघ पुसली. पुसली की पुन्हा ओली.

आवाज ऐकून समोरचे म्हातारबुवा आले. त्यांनी वाकून पाहिलं आणि स्वतःच पाणी बंद केलं, मग इंजिन. रेघेवरून अंगठ्याचं नख फिरवलं. म्हणाले, इंजिनाचा मुख्य लोखंडी ठोकळाच फुटलाय, हा सांधून भरवशाचा होणार नाही. आय ॲम सॉरी, असं दोनदा म्हणाले. मी विचारलं, कधी झालं असेल? त्यांनी सांगितलं ती तीच रात्र, फोन आला होता ती.

"मला वाटलं तुम्ही पाणी काढलं असणार," ते म्हणाले. "नाहीतर मीच आलो असतो."

मी अँटीफ्रीझचे डबे उचलले. ते म्हणाले, आता उपयोग नाही. बैल गेला आणि झोपा केला, हे इंग्रजीत कसं सांगायचं मला माहीत नव्हतं. मी एका हातात नरसाळं धरून दुसऱ्या हाताने डबा तिरका करायला लागले. डबा जड, नरसाळं हलतंय, अर्धं माझ्या बाहीवर. त्यांनी काही वेळ पाहिलं. मग रेघेखाली एक परात सरकवली आणि माझ्या हातातलं नरसाळं घेऊन खांद्याच्या वर धरलं. मी दोन्ही डबे ओतले. आत गेलेलं हळूहळू रेघेतून बाहेर येऊन परातीत पडत राहिलं.

मुलीला मी फोनवर सांगितलं नाही. तिचं खरं झालं हे कबूल करायची लाज वाटत होती. शनिवारी ती घरी आली, गाडीतून उतरून सरळ बोटीकडे गेली, आणि मी बाहेर जाईपर्यंत तिने पाहिलं होतं. खाली सिमेंटवर बसली होती. कधी नव्हे ते हुंदके देऊन रडत होती.

"इट्स माय फॉल्ट," ती म्हणाली.

"तुझी कसली चूक? तू सांगितलं होतंस. मी ऐकलं नाही."

"नो, आई. ब्याऐंशी साली..." मग तुटक तुटक, निम्मं इंग्रजीत, तिने सांगितलं. ब्याऐंशी साली ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच थंडी आली होती. त्या शनिवारी मी लॅबमध्ये होते. बाबांनी आणि तिने मिळून सगळं पाणी काढून टाकलं, तार घालून, शेवटच्या थेंबापर्यंत. इंजिन तीन आठवडे कोरडं होतं. दसऱ्याच्या सकाळी मी उठायच्या आत बाबांनी बुचं परत लावली आणि दुपारी माझ्यासमोर पाइप जोडून, इंजिन गरम करून, तेच काम पहिल्यापासून पुन्हा केलं.

"बाबा म्हणाले, आईला सांगायचं नाही. इट्स हर थिंग. तिला वाटू दे. मी प्रॉमिस केलं होतं. फोनवर तू ब्याऐंशी म्हणालीस, आय वॉज गोइंग टु टेल यू. पण बाबा आता नाहीत. त्यांना दिलेलं प्रॉमिस मी कसं मोडू?"

मला आधी राग आला. मला फसवलं, लहान मुलीसमोर मला वेड्यात काढलं, असं वाटलं. मग तो माणूस डोळ्यांसमोर आला, देव न मानणारा, पहाटे अंधारात कुडकुडत बुचं लावणारा, दुपारी माझ्यावर "हात वर" म्हणून ओरडणारा. माझ्या अर्ध्या दिवसासाठी एकच काम त्यांनी दोनदा केलं होतं. मी तिच्याशेजारी सिमेंटवर बसले. म्हटलं, इंजिन गेलं तर गेलं. लोखंडच आहे ते.

पण तिचं रडणं थांबेना. एका इंजिनासाठी इतकं कुणी रडत नाही, हे मला तेव्हा कुठे कळलं. मी विचारलं, "आणखी काय सांगायचं नाही म्हणाले होते बाबा?"

तिने बाहीने तोंड पुसलं. मग म्हणाली, मे महिन्यात, तळ्यावर, त्या वर्षीची पहिलीच फेरी. बाबा एकदम खाली बसले. घामाने शर्ट भिजला. डावा हात धरून बसले आणि तिला म्हणाले, तू चालव. अर्ध्या तासाने बरं वाटलं. अ‍ॅसिडिटी आहे, म्हणाले, पुढच्या आठवड्यात डॉक्टरांना दाखवतो. आईला सांगू नकोस, ती उगाच घाबरेल.

"आणि मी नाही सांगितलं," ती म्हणाली.

तिने माझ्याकडे पाहिलं. अठरा वर्षांची होती. जूनपासून ते एकटीने सांभाळत होती, डॉर्ममध्ये, वर्गात, माझ्यासमोर जेवताना. तुझी काही चूक नाही, हे एक वाक्य तिला माझ्याकडून हवं होतं, आणि ते खरंही होतं. पण मी उठले. घरात जाऊन स्वयंपाकघरातला नळ सोडला आणि त्या आवाजात उभी राहिले. मे ते जून, सहा आठवडे, हे मी हातांवर मोजलं. मला एक शब्द कुणी सांगितला असता तर मी काय काय केलं असतं, ते सगळं एकामागून एक डोक्यात आलं. किती वेळ गेला माहीत नाही. नळ बंद करून मी बाहेर गेले, तिला जवळ घेतलं आणि ते वाक्य म्हणाले. नंतरही कितीतरी वेळा म्हणाले.

बोट पुढच्या वसंतात कुणीतरी सुट्या भागांसाठी नेली. मुलगी आता स्वतः आई आहे, आणि मी उठून आत गेले त्याविषयी आम्ही कधी बोललो नाही. पण मी स्वयंपाकघरात होते तेवढा वेळ ती बाहेर सिमेंटवर बसून होती, मी परत येईन की नाही हे तिला माहीत नव्हतं, आणि तेवढा वेळ मी तिला तशीच बसू दिली.